छोट्या कीबोर्डचा आवाज मंडपात पोहोचवताना: एकापेक्षा जास्त स्पीकर कसे जोडायचे

घरी सरावाला भरपूर वाटणारा कीबोर्ड मंडपात गेला की ऐकूच येत नाही. शेजारी ढोलकी आणि टाळ, समोर शे-दीडशे माणसं, वर पत्रा किंवा कापड. यामाहाचा पीएसआर-ई३७३ घ्या किंवा कॅसिओचा सीटी-एस३००, दोन्हींच्या पोटातले स्पीकर अडीच-अडीच वॅटचे आहेत. ते वाजवणाऱ्याला ऐकू यावं यासाठी दिलेले असतात, मंडप भरण्यासाठी नाहीत.

मग ठरतं असं, की मंडळाचा अ‍ॅम्प्लिफायर आहे, कुणाकडे चाकांचा ट्रॉली स्पीकर आहे, कुणी घरची म्युझिक सिस्टम आणतो म्हणतो, तर सगळंच जोडून टाकू. जोडता येतं, आणि चांगलंही वाजतं. पण कुठली वायर कुठे जाते हे कळल्याशिवाय जोडलं, तर आवाज वाढण्याऐवजी पोकळ होतो, फाटतो किंवा घुमत राहतो. हा लेख भजनी मंडळात, शाळेच्या गॅदरिंगमध्ये किंवा सोसायटीच्या गणपतीत पहिल्यांदाच कीबोर्ड लावणाऱ्यांसाठी आहे.

आधी थोडा हिशोब

वॅट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट होतो, असं नाही. वॅट दुप्पट केले की पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते, आणि कानाला ‘दुप्पट’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. शंभर वॅटच्या एका स्पीकरशेजारी तसाच दुसरा ठेवला तर ३ ते ६ डेसिबल मिळतात. फरक जाणवतो, पण थक्क व्हावं इतका नसतो.

उघड्यावर मात्र अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. म्हणून दुसऱ्या स्पीकरचा खरा उपयोग असतो तो मागच्या रांगांपर्यंत किंवा बाजूच्या बायकांच्या बैठकीपर्यंत सूर नेण्यासाठी. पुढच्या रांगेला आणखी मोठ्याने ऐकवण्यासाठी तो जोडत असाल, तर आधी पहिलाच स्पीकर जमिनीवरून उचलून स्टँडवर, माणसांच्या डोक्याच्या वर घ्या. जमिनीवरच्या स्पीकरचा आवाज पहिल्या दोन रांगांतली माणसं आणि त्यांचे कपडे शोषून घेतात. पुष्कळ ठिकाणी एवढ्यानेच काम होतं आणि दुसऱ्या सिस्टमची गरज उरत नाही.

पहिली पायरी: कीबोर्डच्या मागे बघा

मागच्या बाजूला तीनपैकी एक गोष्ट दिसेल. छोट्या कीबोर्डना फक्त हेडफोनचं सॉकेट असतं. काहींना ते जाड पिनचं, म्हणजे दुकानात ज्याला पी-३८ म्हणतात ते. काहींना मोबाइलच्या इअरफोनसारखं बारीक, म्हणजे ईपी पिनचं. हे सॉकेट स्टिरिओ असतं आणि त्यात पिन घातली की कीबोर्डचे आतले स्पीकर बंद होतात. तो बिघाड नाही, ती रचनाच आहे.

जरा वरच्या मॉडेलना, उदाहरणार्थ यामाहा पीएसआर-ई४७३ किंवा रोलँड एक्सपीएस-१०, हेडफोनखेरीज दोन वेगळी आउटपुट असतात: डावं आणि उजवं. डाव्याच्या शेजारी ‘मोनो’ किंवा ‘एल प्लस आर’ असं छापलेलं असतं. फक्त डाव्यात वायर लावली, तर कीबोर्ड स्वतःच दोन्ही बाजू एकत्र करून त्या एका वायरमधून देतो. ही सोय फार मोलाची आहे, का ते पुढे येईलच.

तिसरं म्हणजे ‘ऑक्स इन’ लिहिलेलं सॉकेट. ते आत येणाऱ्या आवाजाचं आहे, मोबाइलवरचं गाणं कीबोर्डमधून ऐकण्यासाठी. त्यात वायर घालून बाहेर आवाज येणार नाही. घाईत ही गल्लत नेहमी होते, कारण दोन्ही सॉकेट दिसायला सारखीच असतात.

दुसरी पायरी: वायर नीट निवडा

सगळ्यात जास्त कार्यक्रम इथे बिघडतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पी-३८ पिन हातात घेऊन बघा. पिनवर एक काळी पट्टी असेल तर ती मोनो, दोन असतील तर स्टिरिओ. स्टिरिओ पिनच्या टोकावर डावा आवाज, मधल्या कड्यावर उजवा आणि मुळाशी दोघांची सामाईक तार असते.

आता हीच दोन पट्ट्यांची पिन दुसऱ्या जगातही वापरतात. मिक्सरचं (अनेक आवाज एकत्र करून त्यांची पातळी ठरवणाऱ्या यंत्राचं) आणि चांगल्या अ‍ॅक्टिव्ह स्पीकरचं, म्हणजे ज्याच्या पाठीतच अ‍ॅम्प्लिफायर असतो त्याचं, इनपुट ‘बॅलन्स्ड’ असतं. तिथे टोक आणि कडं म्हणजे डावा-उजवा नव्हे. तिथे एकच आवाज सुलटा आणि उलटा असा दोन तारांवरून येईल, असं धरलेलं असतं. इनपुट त्या दोघांची वजाबाकी करतं, त्यामुळे वाटेत शिरलेली खरखर निघून जाते. तुम्ही हेडफोनच्या सॉकेटातून दोन्हीकडे स्टिरिओ पिन असलेली वायर थेट अशा इनपुटला लावली, तर वजाबाकी डाव्या आणि उजव्या आवाजाची होते. दोन्ही बाजूंना जे सारखं आहे ते सगळं गायब होतं आणि जे वेगळं आहे, म्हणजे मुख्यतः रिव्हर्बची, म्हणजे घुमण्याच्या इफेक्टची, शेपूट, तेवढंच उरतं.

ओळखायचं कसं? रिदम चालू करा आणि बेस ऐका. रिदममधला किक ड्रम आणि बेस नाहीसा झाला असेल, सूर दुसऱ्या खोलीत वाजतोय असं वाटत असेल आणि आवाज कितीही वाढवला तरी अंगच येत नसेल, तर हेच झालेलं आहे. पिन हळूच अर्धी बाहेर ओढा. आवाज एकदम भरल्यासारखा झाला तर शंकाच नको. पण अर्धी पिन बाहेर ठेवून कार्यक्रम करू नका, पहिल्याच धक्क्याला ती निसटते.

याच्या उलट, हेडफोनच्या सॉकेटात एका पट्टीची मोनो पिन घातली, तर उजव्या बाजूचं आउटपुट थेट सामाईक तारेला टेकतं. म्हणजे ती बाजू शॉर्ट. बरेच कीबोर्ड हे सहन करतात, पण तासन् तास तसं वाजवणं चांगलं नाही.

योग्य वायर कुठली ते सांगतो. एका टोकाला एक स्टिरिओ पिन, दुसऱ्या टोकाला दोन मोनो पी-३८. दुकानात ‘वाय केबल, एक स्टिरिओ टू दोन मोनो’ म्हणून मागा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळते किंवा समोर बसून करूनही देतात. घरगुती अ‍ॅम्प्लिफायरसाठी दोन मोनोच्या जागी दोन आरसीए पिना (घरच्या टीव्हीला लागतात तशा लाल-पांढऱ्या) लागतात. वायरची लांबी पाच-सहा मीटरपर्यंतच ठेवा. त्यापुढे साधी वायर खरखर आणि गुणगुण गोळा करू लागते.

तिसरी पायरी: एक आवाज दोन ठिकाणी वाटायचा

एक नियम पक्का लक्षात ठेवा. एका आउटपुटमधून दोन-तीन इनपुटना आवाज देता येतो, पण दोन आउटपुट एकमेकांना कधीही जोडायची नाहीत. एका नळाचं पाणी दोन बादल्यांत सोडता येतं, पण दोन पंपांची तोंडं एकमेकांना बांधली तर दोन्ही पंप एकमेकांशी झुंजतात. कीबोर्डची डावी-उजवी वायर पिळून एकत्र करणं, किंवा दोन अ‍ॅम्प्लिफायरच्या वायरी एकाच स्पीकरला लावणं, हे दोन्ही प्रकार यात मोडतात. दुसऱ्या प्रकारात अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो.

सगळ्यात सोपा वाटणारा उपाय म्हणजे डावं आउटपुट एका सिस्टमला, उजवं दुसऱ्या सिस्टमला. वाजतं, पण मंडपात मी ते टाळायला सांगेन. कीबोर्डमधला पियानो बहुधा असा भरलेला असतो की खालचे सूर डावीकडे जास्त आणि वरचे उजवीकडे जास्त. मग डावीकडे बसलेल्यांना तुमचा डावा हातच ऐकू येतो. दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधोमध फार तर दहा माणसं बसतात, स्टिरिओ फक्त त्यांच्यासाठी. बाकीच्यांसाठी मोनोच बरा. म्हणून ‘एल मोनो’ सॉकेट असेल तर एकच वायर काढा.

तुमच्याकडे अ‍ॅक्टिव्ह स्पीकर असतील, तर काम सोपं. पाठीवर ‘लिंक’, ‘थ्रू’ किंवा ‘लाइन आउट’ लिहिलेलं सॉकेट शोधा. कीबोर्ड पहिल्या स्पीकरला आणि पहिल्याच्या लिंकमधून कॅनन पिनची (तीन पिनांची, एक्सएलआर) वायर दुसऱ्याला. एक गोष्ट तपासून घ्या: पहिल्याचा आवाज कमी केल्यावर दुसऱ्याचाही कमी होतो का? काही मॉडेलमध्ये होतो, काहींमध्ये नाही. कार्यक्रमाच्या मध्यात हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

दोन वेगवेगळ्या जातीच्या सिस्टम असतील, तर छोटा मिक्सर घ्या. नवख्यांसाठी याहून चांगला पैसा कुठे खर्च होत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. कीबोर्डची वाय केबल मिक्सरच्या दोन चॅनेलना लावा आणि दोन्हींचा ‘पॅन’, म्हणजे आवाज डावीकडे-उजवीकडे नेणारं बटण, मधोमध ठेवा. झाला मोनो, तोही कुठलीच तार शॉर्ट न करता. आता मिक्सरचं मेन डावं एका सिस्टमला, मेन उजवं दुसऱ्या सिस्टमला. दोन्हीकडे तोच आवाज जातो आणि प्रत्येक सिस्टमची पातळी तिच्या-तिच्या अ‍ॅम्प्लिफायरवर ठरवता येते. गायकाचा माइकही याच मिक्सरवर आला, तर गाणं आणि कीबोर्ड यांचा तोल एकाच माणसाच्या हातात राहतो.

आणि साउंडवाला त्याची मोठी सिस्टम घेऊन येणार असेल, तर त्याच्याकडे डीआय बॉक्स मागा. छोटा लोखंडी डबा असतो. कीबोर्डची मोनो वायर त्याच्या इनपुटला जाते. कॅनन सॉकेटातून बॅलन्स्ड आवाज निघून तीस मीटर लांबच्या मिक्सरपर्यंत स्वच्छ पोहोचतो. त्याच डब्यावर ‘थ्रू’ नावाचं पी-३८ सॉकेट असतं, त्यातून तुमच्या पायाशी ठेवलेल्या तुमच्या स्वतःच्या छोट्या स्पीकरला वायर द्या. मंडपाला त्यांचा आवाज, तुम्हाला तुमचा, आणि कुणी कुणाच्या बटणाला हात लावायचा नाही. कीबोर्डला फक्त हेडफोनचं सॉकेट असेल तर दोन इनपुटचा डीआय आणि वाय केबल लागेल.

मंडळाच्या अ‍ॅम्प्लिफायरबद्दल

गावोगावी मंडळांकडे आहुजासारखा पीए अ‍ॅम्प्लिफायर असतो. त्याला माइकची चार-पाच इनपुट आणि एक-दोन ‘ऑक्स’ असतात. कीबोर्ड ऑक्सलाच लावायचा. माइकच्या सॉकेटची अपेक्षा काही मिलिव्होल्टची असते, कीबोर्ड त्याच्या शंभरपटीच्या आसपास देतो. माइकमध्ये लावला की पहिल्याच सुराला आवाज फाटतो.

मागच्या पट्टीवर ४, ८, १६ ओहम (स्पीकरचा विद्युत-रोध) आणि ७०, १०० व्होल्ट असे स्क्रू असतात. साधे ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ते मिळून ४ ओहम होतात, म्हणून वायर ‘कॉमन’ आणि ‘४’ वर. तसाच तिसरा जोडला तर ओहम तीनच्याही खाली जातात आणि अ‍ॅम्प्लिफायरवर नको तेवढा भार येतो. ट्रान्सफॉर्मर असलेले कॉलम (उभे लांबट स्पीकर) आणि कर्णे मात्र १०० व्होल्टवर जातात. तिथे सगळ्यांच्या वॅटची बेरीज अ‍ॅम्प्लिफायरच्या वॅटपेक्षा जास्त होऊ द्यायची नाही. साधा ८ ओहमचा स्पीकर १०० व्होल्टच्या स्क्रूला लावू नका. कर्ण्यातून बोलणं लांब जातं, पण खालच्या सप्तकातले सूर येत नाहीत. कीबोर्डसाठी कॉलम किंवा बॉक्स स्पीकर वापरा, कर्णा सूचना सांगायला राहू द्या.

घरच्या म्युझिक सिस्टमला जपा. गाण्याची रेकॉर्डिंग आधीच दाबून सपाट केलेली असते. कीबोर्डवर जोरात मारलेला एक कॉर्ड तिच्यापेक्षा पुष्कळ वर उसळतो. त्या उसळीत घरगुती स्पीकरचे ट्वीटर, म्हणजे बारीक सुरांचे छोटे स्पीकर, आधी जातात. ती सिस्टम मागच्या कोपऱ्यात, निम्म्या आवाजावर ठेवा.

चौथी पायरी: पातळी लावणे

सुरू करताना कीबोर्ड आधी, मग मिक्सर, अ‍ॅम्प्लिफायर किंवा अ‍ॅक्टिव्ह स्पीकर सगळ्यात शेवटी. बंद करताना उलट क्रम. नाहीतर कीबोर्ड चालू-बंद होतानाचा ‘धप्प’ पूर्ण ताकदीने स्पीकरवर आदळतो.

कीबोर्डचा आवाज पाऊण ठेवा. फार कमी ठेवला तर पुढे वाढवताना सुस्कारा वाढतो, पूर्ण ठेवला तर हेडफोनचं आउटपुट स्वतःच फाटू शकतं. मग तुमच्या कार्यक्रमातला सगळ्यात जोरकस आवाज निवडा, ब्रास किंवा ऑर्गन, आणि दोन्ही हातांनी दाबून धरा. मिक्सरवरचा लाल ‘पीक’ दिवा लागला की गेन, म्हणजे त्या चॅनेलला येणारा आवाज किती वाढवायचा ते बटण, थोडा मागे घ्या. तिथेच थांबा. हलक्या बासरीवर पातळी लावून ठेवली, की ब्रास आल्यावर माणसं कान झाकतात.

दोन्ही सिस्टम एकदम चालू करू नका. आधी एक चालू करून ती पूर्ण लावा. ती बंद करून दुसरी लावा. मग दोन्ही एकत्र. एकत्र केल्यावर बेस वाढण्याऐवजी कमी झाला, तर एका स्पीकरच्या दोन तारा उलट लागल्या आहेत. एकाच स्पीकरच्या तारा अदलाबदल करून पुन्हा ऐका.

घूंऽऽ असा आवाज आला तर

पहिली सिस्टम एकटी शांत, दुसरी एकटी शांत, आणि दोन्ही जोडल्या की घूंऽऽ सुरू. हा ५० हर्ट्झचा विजेचा आवाज आहे. दोन सिस्टम वेगवेगळ्या बोर्डवर असल्या की दोघांच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक पडतो आणि तो तुमच्या सिग्नलच्या वायरमधून फिरतो. दोन्ही सिस्टम, मिक्सर आणि कीबोर्ड एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, बहुतेक वेळा तेवढ्याने जातो. नाही गेला तर ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स मध्ये टाका आणि त्यावरचं ‘ग्राउंड लिफ्ट’ बटण दाबा.

प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे हुशार प्रत्येक मंडपात भेटतात. त्यांना हात लावू देऊ नका. घूं जातो, पण एखाद्या यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली, तर ती जाण्याची वाट वाजवणाऱ्याच्या किंवा माइक धरलेल्या गायकाच्या अंगातून राहते. ओल्या मंडपात तर हा धोका मुळीच घ्यायचा नाही.

आवाज घूं असा नसून बारीक चीं असा असेल, तर कीबोर्डचा अ‍ॅडॉप्टर काढून पेन्सिल सेलवर वाजवून बघा. वर नाव घेतलेले दोन्ही छोटे कीबोर्ड सहा सेलवर चालतात. चीं थांबली तर दोष अ‍ॅडॉप्टरकडून येतोय. त्या दिवसापुरतं सेलवरच वाजवा.

ठेवायचे कुठे

दोन्ही स्पीकर स्टेजच्या कडेला, गाणाऱ्यांच्या पुढे आणि तोंड श्रोत्यांकडे. माइकच्या मागे स्पीकर गेला की शिट्टी सुरू झालीच.

मागच्या रांगांसाठी स्पीकर आत, मंडपाच्या मध्यावर लावत असाल तर एक गोष्ट सांभाळा. आवाजाला एक मीटर जायला जवळपास ३ मिलिसेकंद लागतात. पंधरा मीटर मागे लावलेल्या स्पीकरमधून तुमचा सूर वायरने लगेच पोहोचतो, पण स्टेजवरचा हवेतून ४४ मिलिसेकंदांनी येतो, आणि मागच्यांना टाळी दोनदा ऐकू येते. मिक्सरवर किंवा स्पीकरवर ‘डिले’ असेल तर तेवढा द्या. नसेल तर मागचा स्पीकर हलका ठेवा आणि त्याचं तोंड स्टेजच्या स्पीकरच्याच दिशेला, म्हणजे मागे, करा.

ब्लूटूथचा मोह इथेच होतो, वायर ओढायला नको म्हणून. नको. साध्या ब्लूटूथ स्पीकरवर आवाज १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा येतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, म्हणजे तुम्ही ढोलकीच्या पाव मात्रा मागे वाजणार. मोबाइलवरचं गाणं लावायला ब्लूटूथ ठीक आहे, हाताने वाजवायला नाही.

स्वतःला ऐकू येतंय का?

आवाज कमी आहे ही तक्रार निम्म्या वेळा वाजवणाऱ्याची असते, श्रोत्यांची नसते. मुख्य स्पीकर तुमच्या पुढे आणि तोंड पलीकडे. हेडफोनच्या सॉकेटात पिन असल्यामुळे कीबोर्डचे आतले स्पीकरही बंद. मग तुम्ही जोरात वाजवता, मिक्सरवरच्या मुलाला खुणा करता आणि समोरच्यांचे कान किटतात. अशा वेळी दोन सिस्टमपैकी एक पूर्णपणे स्वतःकडे वळवा. मिक्सरच्या ‘ऑक्स सेंड’मधून छोट्या स्पीकरला वायर द्या, तो तुमच्या पायाशी तिरका ठेवा. ऑक्स ‘प्री’ ठेवला की समोरचा आवाज कुणी कमी-जास्त केला तरी तुमचा हलत नाही. स्वतःचा सूर नीट ऐकू आला की हात आपोआप हलका होतो, आणि गायकाला जागा मिळते.

परवानगीचं बघून ठेवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातले मोजके दिवस सरकार १२ पर्यंत सूट देतं, ते कुठले हे पोलीस ठाण्यात कळतं. जोडाजोडी आणि पातळी लावणं माणसं यायच्या आधी, उजेडात उरकून घ्या. पिशवीत जास्तीची एक वाय केबल, जाड-बारीक पिनचा कन्व्हर्टर, सहा पेन्सिल सेल आणि वायरी जमिनीला चिकटवायला टेप असू द्या. पिना घातल्यावर वायरचा एक वेढा कीबोर्डच्या स्टँडला द्या, म्हणजे कुणाचा पाय अडकला तरी सॉकेटला हिसका बसणार नाही.